सतरा नंबरची झडप

दसऱ्याच्या सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी आमच्या पेवमळा कॉलनीतल्या शेहेचाळीस घरांपैकी एकतीस घरांचं पाणी एकदम नासलं. निदान पाणीखात्याच्या यंत्रणेचं तसं ठाम मत होतं. मी तेव्हा श्रीखंडात वेलदोड्याची पूड घालत होते.

फोनवर नियंत्रण कक्षातली पूर्वा होती. तिचा आवाज चिरकला होता.

"कोष्टी मॅडम, तुमच्या शाखेवर एकतीस जिभा हिरव्या झाल्यात!"

"एकतीस? अगं, एक-दोन म्हण."

"एकतीस. आणि शहरातल्या चौदा शाखांवर हेच चाललंय. एकही तपासनीस मोकळा नाहीये. नियम तुम्हाला माहीतच आहे. तीन तासांत तपासणीचा अहवाल आला नाही, तर बारा वाजून दहा मिनिटांनी अख्ख्या शाखेचं पाणी बंद. तीन दिवस."

मी वाटी ओट्यावर ठेवली आणि पदर खोचला. माझं नाव चारुशीला कोष्टी. परतझडपांची परवानाधारक तपासनीस. कॉलनीत मला मागून 'झडपबाई' म्हणतात. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नाही.

ज्यांच्या शहरात अजून ही यंत्रं आलेली नाहीत, त्यांच्यासाठी सांगते. नळाचं पाणी रस्त्याकडून घराकडे येतं ते दाबामुळे. रस्त्याच्या नळीतला दाब अचानक उतरला, तर पाणी उलटं फिरतं. बादलीत बुडवून ठेवलेली रबरी नळी मग बादलीतलंच पाणी ओढून घेते आणि ते घरातून रस्त्यावर, रस्त्यावरून शेजारच्या पिण्याच्या पाण्यात जातं. एकाने केलेली घाण दुसऱ्याच्या पेल्यात! सात वर्षांपूर्वी अशाच उलट्या पाण्याने सांगलीत काविळीची मोठी साथ आली आणि २०३६ साली कायदा झाला. प्रत्येक घराला परतझडप हवी आणि परवानाधारक माणसाने ती वर्षातून एकदा तपासलीच पाहिजे.

झडप म्हणजे खरं तर दोन झडपा आणि मधे एक छोटी खोली. घराकडची झडप गळाली, तर घाण पाणी त्या मधल्या खोलीत येतं आणि तिच्या तळाच्या भोकातून गटारात निघून जातं. रस्त्याकडचीही गळाली, तरच ते पुढे गावात जातं. मधल्या खोलीत एक पट्टी असते, तिला आम्ही जीभ म्हणतो. त्या पट्टीत निरुपद्रवी जिवाणू रुजवलेले असतात. मैलापाण्याची, खताची चव लागली की ते एक चमकणारं प्रथिन तयार करतात. रोज सकाळी नऊनंतर यंत्र त्यांच्यावर निळा प्रकाश पाडतं तेव्हा ते हिरवे उजळतात, यंत्राचा डोळा ते टिपतो आणि नियंत्रण कक्षात घंटा वाजते. म्हणजे जीभ हिरवी झाली की घराकडची झडप गळाली हे कळतं. रस्त्याकडची धरून आहे का, ते मात्र जिभेला सांगता येत नाही. ते माणसानेच गेज लावून मोजायचं, आणि तोवर यंत्रणा वाईटात वाईट तेच धरून चालते.

मी चपला घालतेय तोवर दुसरा फोन आला. आमच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या संजीवन डायलिसिस केंद्राच्या लोंढे सिस्टर बोलत होत्या.

"ताई, पाणी बंद होणार म्हणतात, खरं का? पहिल्या आठ जणांचं टाकीतल्या पाण्यावर निभावेल. दुसऱ्या आठ जणांना सव्वाबाराला बसवायचंय. एकेकाला शे-सव्वाशे लिटर शुद्ध पाणी लागतं."

"दुसऱ्या केंद्रात?"

"सणामुळे सगळीकडे दोन-दोन पाळ्या. मी चार ठिकाणी विचारलं. ताई, यांच्यातल्या तिघांना तर आज रात्रसुद्धा काढता येणार नाही."

"बाराच्या आत उरकते," मी म्हणाले. कसं, ते मलाही ठाऊक नव्हतं.

गेटवर मुजावर चाचा स्कूटरवर बसूनच होते, पुढ्यात गेजची पेटी. वय अडुसष्ट. मी धुणंभांडी करणारी बाई होते, तेव्हा यांनीच मला पाना धरायला शिकवला. पुढे नवे परवाने निघाले, तर परीक्षेत मी पहिली आले आणि चाचा काठावर पास झाले. आता या भागातल्या झडपा आम्ही दोघं वाटून घेतो. स्वतःच्या घरची झडप स्वतः तपासायची नाही असा नियम आहे, म्हणून चाचांची मी बघते आणि माझी चाचा बघतात.

"एकतीस झडपा एका सकाळी गळत नाहीत, बेटा," चाचा म्हणाले. "चाळीस वर्सं पाणी बघतोय. कायतरी येगळंच हाय."

पहिलं घर कॉलनीचे सेक्रेटरी शिराळकर यांचं. त्यांच्या झडपेला झेंडूची माळ, कुंकवाचं बोट, समोर नारळ. काल खंडेनवमी झाली ना! सांगलीत विळीपासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्याची पूजा होते, मग झडपेने काय घोडं मारलंय? मी टोपण फिरवून जीभ बाहेर काढली. ती पिवळीधमक होती आणि तिला लग्नघराचा वास येत होता.

"शिराळकर, ही हळद?"

"हो!" शिराळकर अभिमानाने म्हणाले. "उद्या तुमची वार्षिक तपासणी ना. मीच ग्रुपवर टाकलं होतं. झडपेच्या कंपनीच्या पत्रकात लिहिलंय, तपासणीपूर्वी जिभेची पट्टी सौम्य नैसर्गिक जंतुनाशकाने पुसून ठेवावी. आता हळदीपेक्षा सौम्य आणि नैसर्गिक काय असतं, सांगा."

कंपनीला मिठाचं पाणी अभिप्रेत होतं. पण जिथे जमिनीखालच्या पेवांत एकेकाळी हळदीची पोती साठवत, त्याच जागेवर बांधलेल्या कॉलनीला 'नैसर्गिक जंतुनाशक' म्हटल्यावर दुसरं काय सुचणार? पी हळद आणि हो गोरी! नवरदेवासारखी एकतीस जिभांना हळद लागली होती.

मी त्यांना झापलं. चांगलं पाच मिनिटं झापलं. पण झापता झापता अडचण माझ्या लक्षात आली. हळदही निळ्या प्रकाशात हिरवी चमकते. यंत्राच्या डोळ्याला जिवाणूंची चमक आणि हळदीची चमक यांत फरक कळत नाही. मग एकतीसच्या एकतीस ठिकाणी नुसती हळद आहे, की हळदीच्या आड कुठे खरोखर पाणी उलटलंय? प्रत्येक घरी गेज लावायचं म्हटलं तर वीस-वीस मिनिटं. वेळ होता पावणेतीन तास.

"धुवून टाकू की जीभ," चाचा म्हणाले.

"हळद निघते होय? तुमच्या शर्टावरचा ईदच्या बिर्याणीचा डाग अजून..." आणि मी तिथेच थांबले. "चाचा! हळदीच्या डागाला साबण लावला की काय होतं?"

"लाल व्हतो."

"का होतो?"

"आता ते मला काय म्हाईत? व्हतो."

हळद खाराला भेटली की लाल होते. साबण, सोडा, चुना, काहीही चालतं. आणि लाल झाली की तिची हिरवी चमक मावळते. जिवाणूंचं ते प्रथिन मात्र चिवट असतं. खारात टाकलं तरी ते चमकायचं सोडत नाही. हे मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं आणि पेपर देऊन विसरले होते.

"चाचा, चुना काढा!"

चाचांच्या खिशात तंबाखूची पुडी आणि चुन्याची ट्यूब नाही असा दिवस सांगलीने बघितलेला नाही. शिराळकरांच्या बायकोने आणलेल्या फुलपात्रात मी चुना कालवला आणि निवळी वर येऊ दिली. कापसाच्या बोळ्याने जीभ पुसली. बोळा ताटात ठेवून डोक्यावर चादर घेतली, निळा टॉर्च लावला आणि डोळ्यांपुढे नारिंगी काच धरली. बोळा हिरवागार पेटला होता. मी चुन्याच्या निवळीचा एक थेंब टाकला. एक, दोन, तीन... हिरवा रंग विझला! चादर काढली तर ताटात रक्तासारखा लाल बोळा.

"हळद!" मी अशी ओरडले की शिराळकरांचा पोपट घाबरून पिंजऱ्यात उलटा झाला. "नुसती हळद! शिराळकर, तुमची झडप ठणठणीत आहे!"

मग आम्ही जे सुटलो ते सुटलोच. चाचा स्कूटर हाकताहेत आणि मी मागे चादर, ताट, फुलपात्र घेऊन बसलेय. प्रत्येक घरी टोपण, बोळा, थेंब, चादर. तीन मिनिटांत एक घर. बायका दारात उभ्या राहून विचारत होत्या, "लाल झालं का हो?" लाल झालं की टाळ्या वाजत. लोक गाड्या धुवायच्या सोडून आमच्या मागून फिरू लागले. मी प्रत्येक ठिकाणी झापत होते, "झडप म्हणजे काय देव आहे का? वर्षातून एकदा फूल वाहायचं आणि विसरायचं? तिला तपासायला लागतं, तपासायला!" माझ्या अंगात आलं होतं. खोटं कशाला सांगू, मला इतका आनंद कैक वर्षांत झाला नव्हता.

अकरा वाजून वीस मिनिटांनी तीस घरं झाली. तीसच्या तीस लाल. मी फोनवर अहवाल उघडला. अर्ध्या हळकुंडाने पिवळे होतात म्हणतात, मी तर पुऱ्या कॉलनीच्या हळदीने पिवळी झाले होते.

"एकतीस ठिकाणी हळद," मी लिहिता लिहिता मोठ्याने म्हणाले.

चाचा हळूच म्हणाले, "तीस."

"हां, एक आमचं राहिलं. सतरा नंबर. तिथेही आमच्या ह्यांनीच लावली असणार हळद. आता परत कुठे टोपण खोलत बसायचं चाचा, लोंढे सिस्टर थांबल्यात. घाला सही. दरवर्षी घालता तशी."

आता इथे मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. चाचांच्या घरची झडप मी दरवर्षी पार खोलून बघते. एकदा तर त्यांना वायसर बदलायला लावला होता. पण ते माझ्याकडे आले की मी म्हणायचे, "माझी काय बघता चाचा, मी रोज बघते. बसा, चहा घ्या, सही करा." चार वर्षं असंच चाललं होतं. आणि मी रोज काय, एकदाही बघितली नव्हती. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

चाचांनी पेन हातात घेतलं. "तू म्हणशील तसं, बेटा," एवढंच म्हणाले.

तेवढ्यात केंद्रासमोर एक रिक्षा थांबली. तिच्यातून पुतळाबाई हजारे उतरल्या. गणपती पेठेत भाजी विकायच्या, आता आठवड्यातून तीनदा इथे येतात. पाय इतके सुजले होते की चपला हातात घेतल्या होत्या. दोन पावलं टाकली की थांबून श्वास घेत होत्या. मला बघून त्यांनी हात वर केला.

"झडपबाई, हाय न्हवं पाणी?"

तोंडावर मला झडपबाई म्हणणारी ती पहिली. मला 'आहे' म्हणता येईना. माझं घर आणि केंद्र एकाच नळीवर, भिंतीला भिंत लागून. सतरा नंबरचं पाणी उलटलं असेल तर ते सगळ्यांत आधी ह्या बाईच्या यंत्रात जाणार, आणि त्या यंत्रातून तिच्या रक्ताशेजारी.

"चाचा," मी म्हणाले, "स्कूटर वळवा. माझी झडप बघा."

आमच्या झडपेला माळ नव्हती, कुंकू नव्हतं. टोपण इतकं घट्ट बसलं होतं की चाचांना दोन पाने लावावे लागले. बोळा बाहेर आला तो पांढरा होता. हळदीचा मागमूस नाही. चादरीखाली तो हिरवा पेटला. मी चुन्याचा थेंब टाकला. दहापर्यंत मोजलं, वीसपर्यंत मोजलं. आणखी एक थेंब टाकला. हिरवा तो हिरवाच.

चादरीखाली मी आणि चाचा, दोघंच होतो. बाहेर अर्धी कॉलनी उभी राहून विचारत होती, "लाल झालं का हो?"

मी चादर काढली आणि जिन्यावरून गच्चीवर धावले. आमचे हे, म्हणजे सुधाकर, निवृत्त चित्रकला शिक्षक आणि नवे बागायतदार, वांग्यांना काठ्या बांधत होते. त्यांचा तो जीवामृताचा निळा ड्रम कोपऱ्यात होता. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन, आठ दिवस आंबवलेलं. आणि नळाला लावलेली रबरी नळी ड्रमच्या तळापर्यंत बुडालेली.

"अहो, ही नळी कधीपासून आत आहे?"

"कालपासून. ड्रममधे पाणी वाढवत होतो, तर दुपारी पाण्याचा जोरच गेला. सगळी कॉलनी गाड्या धुवत होती ना पूजेसाठी. म्हटलं येईल परत." ते माझ्याकडे बघत राहिले. "का गं? आज सकाळी ड्रम निम्मा झालाय, ते मी तुला विचारणारच होतो. फुटलाय का बघ की."

ड्रम फुटला नव्हता. निम्मं जीवामृत आमच्या नळातून खाली उतरलं होतं.

मी खाली आले, तेव्हा अकरा छत्तीस झाले होते. चाचांनी न सांगता गेजच्या नळ्या जोडायला घेतल्या होत्या. घराकडची झडप गेलीच होती. तिच्या स्प्रिंगमधे वाळूचा खडा बसून ती उघडीच राहिली होती. किती महिन्यांपासून, देव जाणे. खोलून बघितली असती, तर पहिल्याच वर्षी दिसला असता. आता सगळं रस्त्याकडच्या झडपेवर होतं. ती धरून असेल तर घाण मधल्या खोलीतच अडली. नसेल तर सगळी शाखा बंद करायची, आणि पुतळाबाईंना काय सांगायचं?

नियमाप्रमाणे मला स्वतःच्या झडपेला हात लावायचा नव्हता. मी हात पाठीमागे बांधून उभी राहिले. जन्मात एवढं अवघड काम मी केलं नाही.

चाचांनी दोन्ही बाजूंच्या चाव्या बंद केल्या आणि गेज उघडला. काटा सातवर चढला. पाचच्या वर एक मिनिट थांबला पाहिजे. काटा घसरला. साडेसहा. सहा. साडेपाच. चाचांनी गेजवर टिचकी मारली. काटा थरथरला आणि तिथेच उभा राहिला. वीस सेकंद, चाळीस सेकंद, साठ.

"धरलं!" चाचा ओरडले. "या अल्ला, धरलं तिनं! बेटा, लिही!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, झडपबाईंच्या घरचीही हळदच निघाली. शिराळकर तर म्हणाले, "आता कळलं ना, आमची बिचाऱ्यांची काही चूक नव्हती."

तसं लिहिता आलं असतं. झडपेने धरलंच होतं, पाणी गावात गेलंच नव्हतं, एकतीस ठिकाणी हळद म्हटलं असतं तर कुणाचं काय बिघडलं असतं? पण खरं लिहिलं, तर मागच्या सह्याही उघड्या पडणार. माझ्या परवान्याची मला तेवढी पर्वा नव्हती. चाचांच्या परवान्याची होती. अडुसष्टाव्या वर्षी त्यांचं नाव माझ्या हट्टापायी काळं होणार. मी त्यांच्याकडे बघितलं.

"माझ्याकडं काय बघतीस? घड्याळाकडं बघ," चाचा म्हणाले.

मी सगळ्यांदेखत मोठ्याने वाचत लिहिलं, म्हणजे मागाहून मन फिरायला नको. "तीस ठिकाणी हळद, चुन्याने खात्री केली. सतरा नंबर, चारुशीला सुधाकर कोष्टी, घराकडची झडप निकामी, पाणी उलटलं. रस्त्याकडची झडप साडेपाचवर धरून आहे. ही झडप गेली चार वर्षं प्रत्यक्ष तपासली गेली नाही. त्याला घरमालकीण जबाबदार आहे."

टाळ्या थांबल्या. सकाळपासून मी ज्यांना ज्यांना झापलं होतं, ते सगळे समोर उभे होते. लाजेने माझे कान तापले. पण कुणी हसलं नाही. शिराळकरांच्या बायकोने पुढे येऊन माझ्या हातातलं फुलपात्र घेतलं आणि म्हणाली, "दोन कळश्या पाणी आमच्याकडून न्या संध्याकाळी."

अकरा अठ्ठावन्नला अहवाल गेला. बारा वाजून तीन मिनिटांनी आमच्या झडपेत खट्ट वाजलं आणि सतरा नंबरचं पाणी बंद झालं. फक्त सतरा नंबरचं. सव्वाबाराला भिंतीपलीकडून यंत्रांची घरघर सुरू झाली. एक, मग दुसरं, मग एकामागून एक आठ. मी पायरीवर बसून मोजत होते. आठवं सुरू झालं तेव्हा मी चाचांचा हात इतका घट्ट धरला, की ते "अगं, बोटं मोडशील" म्हणाले.

तेवढ्यात पूर्वाचा फोन आला.

"मॅडम, दोन गोष्टी. एक, तुमचा परवाना तीन महिने स्थगित झालाय. यंत्रणेने आपोआप केलाय, मी काही करू शकत नाही. दोन, तुमच्या अहवालामुळे बाकीच्या तेरा शाखांना तासभर मुदत वाढवून मिळालीय, त्यांचे तपासनीस लायनीवर आहेत. ते विचारतायत, चुना किती टाकायचा?"

मी हसत सुटले. परवाना स्थगित झालेल्या तपासनिसाने अख्ख्या सांगलीला चुन्याचं प्रमाण सांगितलं. फुलपात्रभर पाण्यात हरभऱ्याएवढा चुना घ्या, निवळी वर येऊ द्या, बोळ्यावर एक थेंब टाका, लाल होऊन विझला तर हळद आणि हिरवा राहिला तर गेज काढा.

"पूर्वा, मुजावरांच्या परवान्याचं काय?" मी शेवटी विचारलं.

"तेच बघतेय. सतरा नंबरच्या जुन्या नोंदी उघडल्यात. चारही वर्षं 'भेट दिली' या रकान्यात खूण आहे. 'तपासली' मधे नाहीच केलेली. आणि खाली शेऱ्यात काहीतरी लिहिलंय. आमची यंत्रणा नुसती सही बघते, शेरे वाचत नाही ना, त्यामुळे... वाचू?"

"वाच."

"पहिल्या वर्षी, 'तपासणी झाली नाही.' दुसऱ्या वर्षी, 'तपासणी झाली नाही, चहा झाला.' तिसऱ्या वर्षी, 'तपासणी झाली नाही.' आणि गेल्या वर्षी, 'तपासणी झाली नाही. मालकीण माझी शागीर्द आहे. एक दिवस स्वतःहून दाखवील.'"

मी फोन खाली ठेवला. चाचा गेजच्या नळ्या पुसून गुंडाळत होते, अगदी मन लावून. मला रडू येत होतं आणि हसूही येत होतं.

"चाचा, ते शेरे कुणी वाचत नाही हो."

"म्हाईत हाय की," चाचा म्हणाले. "म्हणून तर तिथं लिवलं."